सारखा पगार, असमान शाळा

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्यांचा मोसम आला की गुरुजींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसरा विषय नसतो. कोणाला तालुक्याच्या गावालगतची शाळा मिळाली, कोण डोंगरातल्या पाड्यावर गेलं, कोणाची नवरा-बायकोची सोय लागली. आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागातली एकस्तर वेतनश्रेणी सोडली, तर तेवढीच सेवा झालेल्या दोन शिक्षकांचा पगार साधारण एकच असतो. पण एकाच्या शाळेच्या दारात एसटी थांबते आणि दुसऱ्याला पावसाळ्यात ओढा ओलांडावा लागतो. राज्य शासनाने २०१७ साली बदल्यांचं धोरण आखताना शाळांची ‘सर्वसाधारण क्षेत्र’ आणि ‘अवघड क्षेत्र’ अशी वाटणीच केली. अवघड क्षेत्रात तीन वर्षं काढली की बदली मागण्याचा हक्क मिळतो. म्हणजे अवघड शाळेत गेल्याचं बक्षीस काय, तर ती शाळा सोडता येणं.

अमेरिकेतल्या सरकारी शाळांचा पेचही हाच आहे आणि तो बराच जुना आहे. तिथे बहुधा आडवे येतात ते ओढे-डोंगर नाहीत, वस्त्या आहेत, आणि वस्ती गोऱ्यांची की कृष्णवर्णीयांची, की स्पॅनिश बोलणाऱ्या लॅटिनो कुटुंबांची, यावर शाळेचं बरंच काही ठरतं. एकाच शहरातल्या दोन शाळा घ्या. मालक एक, अभ्यासक्रम एक, शिक्षकांचा पगाराचा तक्ता एक. तरी एका शाळेत पंधरा-वीस वर्षं मुरलेले शिक्षक सापडतात आणि दुसरीत दर दोन वर्षांनी नवे चेहरे. दुसरी शाळा बहुतेक वेळा कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो मुलांची असते. पगार सगळ्यांना सारखा असूनही हे होतं, असं आपण म्हणतो. मला वाटतं, काही अंशी तो सारखा आहे म्हणूनच हे होतं.

दरी केवढी?

अमेरिकेत ‘नेप’ नावाची राष्ट्रीय चाचणी १९७०च्या आसपास सुरू झाली. देशभरातली निवडक मुलं ती देतात आणि वर्षानुवर्षांची तुलना करता यावी म्हणून तिचा एक भाग फारसा बदलला जात नाही. सतरा वर्षांच्या मुलांच्या वाचनात गोरे आणि कृष्णवर्णीय यांच्या सरासरीत १९७१ साली ५३ गुणांचं अंतर होतं. १९८८ साली ते २० वर आलं. म्हणजे ही दरी काही आकाशातून पडलेली नाही, माणसांच्या करण्या-न करण्याने ती कमी-जास्त होते. १९८८नंतर मात्र ती पुन्हा थोडी रुंदावली आणि तेव्हापासून अमेरिकेतला प्रत्येक शिक्षणमंत्री तिच्याविषयी बोलत आला आहे.

शाळा सुरू होण्याआधीच, घरातल्या परिस्थितीमुळे, मुलांमध्ये फरक पडलेला असतो हे खरं. समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी १९६६ साली सहा लाखांच्या आसपास मुलांची पाहणी करून तेच सांगितलं आणि शाळांवर पैसा ओतणाऱ्यांची पंचाईत केली. पण त्याच अहवालातली दुसरी गोष्ट फारशी कोणी उचलली नाही. चांगल्या शिक्षकाचा फरक अल्पसंख्य गटांतल्या मुलांना जास्त पडतो, असंही तो अहवाल सांगत होता. ज्या घरात आई-बाप डॉक्टर-वकील आहेत, तिथे शाळेत राहिलेली उणीव घरी भरून निघते. बाकीच्यांना शिक्षकच हवा. मग तो शिक्षक कुठे नोकरी करतो, हा प्रश्न साधा राहत नाही.

तक्ता न्यायासाठी आला होता

अमेरिकन शिक्षकाचा पगार आजही बहुतेक ठिकाणी एका तक्त्यावर ठरतो.

*चौकट: पगाराचा तक्ता कसा वाचायचा?*
*आडव्या ओळी म्हणजे नोकरीची वर्षं. उभे रकाने म्हणजे शिक्षण: पदवी, पदव्युत्तर, त्यापुढचे अभ्यासक्रम. दर वर्षी एक ओळ खाली सरकायचं, नवी पदवी घेतली की एक रकाना उजवीकडे. तुम्ही गणित शिकवता की चित्रकला, वर्ग शांत आहे की दंगेखोर, शाळा बागेशेजारी आहे की गोळीबार होणाऱ्या रस्त्यावर, याला तक्त्यात जागा नाही. आपल्या वेतन आयोगाच्या तक्त्याचा हा लांबचा भाऊ. फरक एवढाच की अमेरिकेत १३,००० च्या आसपास शालेय जिल्हे आहेत आणि जवळपास प्रत्येकाचा तक्ता वेगळा. शालेय जिल्हा म्हणजे एका शहराच्या किंवा गावगटाच्या शाळा चालवणारी, स्वतःचं निवडलेलं मंडळ असलेली आणि बहुधा स्वतःचा कर बसवणारी संस्था.*

डेन्व्हर आणि डि मॉइन या शहरांनी १९२१ साली असा तक्ता पहिल्यांदा लागू केला. तोपर्यंत हायस्कुलात शिकवणाऱ्या पुरुषाला जास्त आणि प्राथमिक शाळेतल्या बाईंना कमी पगार, हा रिवाज होता. न्यूयॉर्कमध्ये ग्रेस स्ट्रॅचन यांच्या पुढाकाराने शिक्षिकांनी अनेक वर्षं झगडून १९११ साली समान वेतनाचा कायदा करून घेतला होता. तक्त्यामुळे निदान कागदावर तरी बाई आणि पुरुष, पहिली आणि दहावी हा भेद मिटला.

दक्षिणेत प्रश्न रंगाचा होता. व्हर्जिनिया राज्यातल्या नॉरफोक शहरात कृष्णवर्णीय मुलांच्या हायस्कुलात मेल्विन ऑल्स्टन शिकवत. त्यांना वर्षाला ९२१ डॉलर मिळत. तेवढीच पात्रता आणि तेवढाच अनुभव असलेल्या गोऱ्या पुरुष शिक्षकाला १,२०० डॉलर. हा फरक चोरून केलेला नव्हता, शाळा मंडळाने तसे दोन दर ठरवूनच ठेवले होते. ऑल्स्टन यांच्याआधी त्याच शाळेतल्या अलीन ब्लॅक यांनी दावा लावला होता, तर मंडळाने त्यांना पुढच्या वर्षी कामावरच घेतलं नाही आणि दावा निकालात निघाला. ऑल्स्टन यांचा दावा लढवणाऱ्यांत थर्गुड मार्शल होते. पुढे ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले. त्यांची आई बाल्टिमोरमध्ये शिक्षिकाच होती. १९४० साली अपील न्यायालयाने निकाल दिला: निव्वळ रंगावरून पगार कमी ठेवणं घटनेत बसत नाही.

यापुढची चाल समजून घेतली नाही तर आजचे अमेरिकन शिक्षक ‘गुणवत्तेनुसार पगार’ म्हटलं की का बिथरतात, ते कळत नाही. रंगावरून पगार कापता येईना, तेव्हा दक्षिणेतल्या मंडळांनी ‘गुणवत्ता’ शोधून काढली. साउथ कॅरोलायनाने १९४५ साली शिक्षकांना एक राष्ट्रीय परीक्षा लावली आणि पगार तिच्या गुणांशी जोडला. कोणाचे गुण कमी येणार याचा अंदाज सगळ्यांना होता, कारण ज्यांना चांगल्या विद्यापीठांची दारं बंद होती तेच ती परीक्षा देणार होते. काही ठिकाणी मुख्याध्यापकाचा शेरा पुरेसा होता. अशा मालकांपुढे वर्षं आणि पदवी एवढंच मोजणारा कोरडा तक्ता ही ढाल होती. शिक्षक संघटनांनी ती जपली यात नवल नाही.

शिक्षक कुठून कुठे जातात

एखादी तरुणी पदवी घेऊन नोकरीला लागते. चांगल्या वस्तीतल्या शाळांत जागा नसतात, कारण तिथून कोणी जात नाही. जागा असतात त्या गरीब वस्तीत. ती तिथे लागते. पहिलं वर्ष कठीण जातं. नवखा शिक्षक पहिल्या दोन-तीन वर्षांत झपाट्याने सुधारतो, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. म्हणजे ज्या मुलांना सगळ्यात जास्त गरज, त्यांच्यावर ती हात साफ करून घेते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी तिला शिकवायला येऊ लागतं, तोवर सेवाज्येष्ठतेने बदली मागण्याइतकी तिची वर्षंही भरतात. शहराच्या पलीकडे, घराजवळ, शांत शाळेत जागा निघते. पगार तोच. ती का जाणार नाही?

टेक्ससमधल्या शिक्षकांच्या अशा हालचालींचा अभ्यास एरिक हानुशेक, जॉन केन आणि स्टीव्हन रिव्हकिन या अर्थशास्त्रज्ञांनी केला. बदली घेऊन गेलेल्यांच्या पगारात सरासरी फरक अगदी किरकोळ पडला होता. बदलले होते ते वर्गातले विद्यार्थी: नव्या शाळेत गुण जास्त, गरिबी कमी, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं कमी. हे वाचून शिक्षक सगळे वंशद्वेष्टे आहेत असा निष्कर्ष काढायची घाई नको. मॅसॅच्युसेट्समधल्या शिक्षकांच्या अभ्यासात असं दिसलं की ते मुलांपासून पळत नव्हते, शाळेच्या कारभारापासून पळत होते. मुख्याध्यापक पाठीशी आहे का, सहकारी भले आहेत का, याचा हिशेब धरला की मुलांच्या रंगाचा आणि गरिबीचा परिणाम बराचसा विरून गेला. पण असा कारभार गरीब वस्तीतच का साठतो, हे विचारलं की आपण फिरून पैशावर येतो.

शिक्षकांच्या या ये-जा करण्याचा तोटा गेलेल्याच्या वर्गापुरता राहत नाही. न्यूयॉर्क शहरातल्या चौथी-पाचवीच्या मुलांच्या अभ्यासात जे शिक्षक शाळेत टिकून होते, त्यांच्या वर्गातल्या मुलांचंही नुकसान दिसलं, आणि ते कृष्णवर्णीय मुलं जास्त असलेल्या शाळांत अधिक होतं. टिकलेल्याला दर वर्षी नव्याला शाळा शिकवावी लागते, तेवढा वेळ त्याच्या वर्गातून जातो.

मंदी आली की हेच यंत्र उलटं फिरतं. २००९ साली कॅलिफोर्नियात पैसे आटले आणि लॉस एंजेलिसमध्ये शिक्षककपात झाली. नियम होता, शेवटी आलेला आधी बाहेर. न्यायाला धरूनच वाटतो. पण नवे शिक्षक जिथे साठलेले, कुऱ्हाड तिथेच पडणार. गॉम्पर्स, लीक्टी आणि मार्कहॅम या गरीब वस्तीतल्या तीन शाळांतले जवळपास निम्मे शिक्षक, एका शाळेत त्याहून बरेच जास्त, एका फटक्यात गेले. श्रीमंत वस्तीतल्या शाळांना जेमतेम झळ लागली. मुलांच्या वतीने दावा लागला तेव्हा नियमावर बोट ठेवणाऱ्या संघटना आणि मुलांचे वकील समोरासमोर उभे राहिले. नागरी हक्कांच्या लढाईत एरवी हे दोघे एका बाजूला असत.

सरासरीचं बिल

आता या सगळ्यातली मला सगळ्यात नवलाची वाटणारी गोष्ट. ती हिशेबाच्या वहीत लपलेली आहे.

दहा जणांचा कंपू हॉटेलात गेला. तिघांनी साधी राइसप्लेट घेतली, बाकीच्यांनी विशेष थाळी, वर श्रीखंड. बिल आलं तेव्हा टीटीएमएम न करता कोणीतरी म्हणालं, जाऊ दे, सारखं वाटून टाकू. राइसप्लेटवाल्यांनी श्रीखंडाचे पैसे दिले, आणि वहीत मात्र सगळे सारखंच जेवले अशी नोंद झाली.

अमेरिकेतले बहुतेक शालेय जिल्हे शाळांना पैसे देताना हेच करत आले. शाळेला रोख रक्कम मिळत नाही, शिक्षकांच्या जागा मिळतात, आणि प्रत्येक जागेचा खर्च जिल्ह्याच्या सरासरी पगाराने मांडला जातो. समजा, एका शाळेत वीस अनुभवी शिक्षक आहेत, प्रत्येकी ८०,००० डॉलर पगाराचे. खरा खर्च १६ लाख. दुसऱ्या शाळेत वीस नवे शिक्षक, प्रत्येकी ५०,०००. खरा खर्च १० लाख. जिल्ह्याची सरासरी ६५,००० धरली की वहीत दोन्ही शाळांसमोर १३ लाखच दिसतात. दर वर्षी सहा लाखांचा फरक आहे आणि कागदावर संपूर्ण समता. दुसऱ्या शाळेने उरलेल्या पैशात दोन समुपदेशक, एक ग्रंथपाल, संध्याकाळचे जादा वर्ग चालवले असते. पण उरलेले पैसे तिच्या हाती येतच नाहीत, ते पहिल्या शाळेच्या ज्येष्ठ शिक्षकांच्या पगारात गेलेले असतात. मार्गरिट रोझा या अभ्यासिकेने वर्षानुवर्षं जिल्ह्यांच्या वह्या तपासून हे उघड्यावर आणलं.

गरीब मुलांच्या शाळांसाठी केंद्र सरकार १९६५पासून ‘टायटल वन’ नावाची मदत देतं. अट अशी की जिल्ह्याने आपल्या पैशातून गरीब आणि इतर शाळांना आधी तुल्यबळ सोयी द्यायच्या, केंद्राचा पैसा त्यावर. आणि ही तुल्यता मोजताना सेवाज्येष्ठतेमुळे पडणारा पगारातला फरक धरायचा नाही, असं कायद्यातच लिहून ठेवलं! जिथे मेख आहे तेवढी जागा सोडून बाकी सगळं मोजायचं. २०१५च्या नव्या शिक्षण कायद्याने एक पाऊल टाकलं: प्रत्येक शाळेवर प्रत्यक्ष दिलेल्या पगारासह दरडोई किती खर्च झाला, ते जाहीर करणं बंधनकारक केलं. वाटप बदला असं मात्र सांगितलं नाही.

मुळात कर

हे झालं एका जिल्ह्याच्या आतलं. दोन जिल्ह्यांमधली गोष्ट आणखी उघडी आहे. अमेरिकेत शाळांचा निम्म्याच्या आसपास पैसा स्थानिक असतो आणि तो मुख्यतः घरपट्टीसारख्या मालमत्ता करातून येतो. केंद्राचा वाटा एरवी दहा टक्क्यांच्याही आत.

टेक्ससच्या सॅन अँटोनियो शहरात एजवूड नावाचा जिल्हा होता, नव्वद टक्के मुलं मेक्सिकन वंशाची. शेजारी अलामो हाइट्स, मुख्यतः गोऱ्यांचा. १९६७-६८ साली एजवूडचे लोक परिसरातला सगळ्यात जास्त दर भरत होते, दर १०० डॉलर मालमत्तेमागे १.०५ डॉलर. त्यातून एका मुलामागे जादा आले २६ डॉलर. अलामो हाइट्सने ०.८५ चा दर लावला आणि त्यांना मिळाले ३३३. जास्त कर भरूनही हाती कमी, कारण घरंच स्वस्त. राज्याची आणि केंद्राची मदत धरूनही एजवूडमध्ये मुलामागे ३५६ डॉलर आणि पलीकडे ५९४. पत्र्याचं काम करणारे डेमेट्रिओ रॉड्रिग्ज आणि इतर पालक न्यायालयात गेले. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी ते हरले. शिक्षण हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, असं बहुमताचं म्हणणं. थर्गुड मार्शल तेव्हा त्याच न्यायासनावर होते आणि त्यांनी लांबलचक विरोधी निकालपत्र लिहिलं.

पुढची लढाई राज्यांच्या न्यायालयांत गेली आणि बऱ्याच ठिकाणी जिंकलीही. टेक्ससने १९९३पासून श्रीमंत जिल्ह्यांचा काही कर काढून गरिबांना द्यायला सुरुवात केली. लोक त्याला रॉबिनहूड योजना म्हणतात, कोण प्रेमाने, कोण शिवी म्हणून. अशा निकालांनंतर ज्या जिल्ह्यांत पैसा वाढला, तिथल्या मुलांचं पुढे काय झालं हे किराबो जॅक्सन, रकर जॉन्सन आणि क्लॉडिया पर्सिको यांनी पाहिलं. बाराही वर्षं दरडोई खर्च दहा टक्के जास्त राहिला, तर त्या मुलांची मोठेपणीची मिळकत सुमारे सात टक्के वाढली, गरीब घरच्या मुलांची त्याहून जास्त. वाढलेला पैसा बऱ्याच अंशी शिक्षकांचे पगार आणि लहान वर्ग यांवर गेला होता. ‘पैशाने काही होत नाही’ हे वाक्य मी त्यानंतर कोणाच्या तोंडून ऐकलं की त्याची स्वतःची मुलं कुठल्या शाळेत जातात, ते विचारावंसं वाटतं.

बक्षीस लावून पाहिलं

मग तक्ता मोडा, जो जास्त शिकवेल त्याला जास्त द्या. या विचाराला २००० ते २०१० या दशकात फार जोर होता. रिपब्लिकन बुश यांच्या काळात चाचण्या सक्तीच्या झाल्या, डेमोक्रॅट ओबामांनी ४३५ कोटी डॉलरची स्पर्धा लावून राज्यांना शिक्षकांचं मूल्यमापन गुणांशी जोडायला लावलं.

टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलमध्ये २००६ ते २००९ या काळात याची रीतसर परीक्षा झाली. गणिताचे शिक्षक स्वेच्छेने पुढे आले, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला सांगितलं, तुमच्या मुलांचे गुण अमुक इतके वाढले तर वर्षाला १५,००० डॉलरपर्यंत बक्षीस. दुसऱ्या गटाला काही नाही. तीन वर्षांनी दोन्ही गटांतल्या मुलांच्या गुणांत एकंदर फरक नव्हता. पाचवीत थोडा दिसला, तोही टिकला नाही. न्यूयॉर्क शहराने शाळांना बक्षीस दिलं, शिक्षकामागे ३,००० डॉलर, आणि वाटणी शाळेवर सोपवली. बहुतेक शाळांनी ते सगळ्यांना जवळपास सारखं वाटून टाकलं. गुण वाढले नाहीत. पाच कोटी डॉलरहून अधिक खर्चून योजना गुंडाळली.

कारण शोधायला फार खोल जावं लागत नाही. शिक्षक हात राखून शिकवतो आहे, पैसे दिसले की हात मोकळा सोडेल, असं बक्षीस गृहीत धरतं. नॅशव्हिलचे शिक्षक आधीच जमेल तेवढं करत होते. त्यांना अधिक चांगलं कसं शिकवायचं, हे बक्षिसाने कळणार नव्हतं. याची दुसरी बाजू आपल्याकडे दिसते. आंध्र प्रदेशातल्या ग्रामीण सरकारी शाळांत कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी २००५पासून असाच प्रयोग केला. बक्षीस वर्षाच्या पगाराच्या सरासरी तीनच टक्के, आणि गुण चांगले वाढले. शिक्षकांची हजेरी वाढली नाही, पण शाळेत असतील तेव्हा जादा तास, गृहपाठ, सराव चाचण्या वाढल्या. तिथे राखलेला हात होता.

जिथे हात राखलेला नाही आणि दडपण मात्र प्रचंड, तिथे काय होतं ते अटलांटाने दाखवलं. बहुसंख्य कृष्णवर्णीय मुलांच्या या शहरात गुण अद्भुत वेगाने वाढत होते. राज्याच्या तपासनिसांनी २०११ साली अहवाल दिला: ४४ शाळांत १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांचा गैरप्रकारांत हात. मुलं घरी गेल्यावर शिक्षक चुकीची उत्तरं खोडून बरोबर करत होते. अकरा जणांना २०१५ साली संघटित गुन्हेगारीच्या कायद्याखाली दोषी ठरवलं. तो कायदा माफियांसाठी केलेला. या मुलांना वाचता येत नाही हे कोणाला कळलंच नाही, म्हणून त्यांना जादा मदतही मिळाली नाही. त्यांच्या नुकसानीचा हिशेब कुठल्या खटल्यात झाला नाही.

राजधानी वॉशिंग्टनमध्ये मात्र चित्र थोडं निराळं होतं. तिथे शाळांच्या तेव्हाच्या प्रमुख मिशेल री यांनी २००९ साली आणलेल्या पद्धतीत गुणांबरोबर वर्गाचं प्रत्यक्ष निरीक्षण होतं, उत्तम शिक्षकाला २५,००० डॉलरपर्यंत बक्षीस होतं, आणि कमी पडणाऱ्याला नारळ. पुढच्या उन्हाळ्यात खराब मूल्यमापनावरून १६५ शिक्षक गेले. शहर खवळलं, महापौर निवडणूक हरले, री यांनीही राजीनामा दिला. पद्धत राहिली. कमकुवत ठरलेले बरेच जण आपण होऊन निघून गेले आणि जागी आलेले सरासरीने बरे निघाले, असं अभ्यासकांना दिसलं. इथे काही वर्गांत उभा राहणारा माणूसच बदलला. आणि गरीब वस्तीतल्या शाळेत टिकणाऱ्याला बक्षीस जास्त होतं, ही बारीक अट मला त्या सगळ्या गदारोळापेक्षा महत्त्वाची वाटते.

जागेचा भाव

कारण प्रश्न माणूस कुठे उभा राहतो, याचा आहे. त्याला धरून केलेले प्रयोग जास्त बोलके आहेत.

नॉर्थ कॅरोलायनाने २००१पासून तीन वर्षं, गरीब किंवा मागे पडलेल्या शाळांतल्या गणित, विज्ञान आणि विशेष शिक्षणाच्या शिक्षकांना वर्षाला फक्त १,८०० डॉलर जादा दिले. कोण पात्र हे अनेकांना नीट कळलंही नव्हतं, तरी शाळा सोडून जाण्याचं प्रमाण १७ टक्क्यांनी घटलं. केंद्र सरकारने सात राज्यांतल्या दहा जिल्ह्यांत आणखी मोठी बोली लावली. उत्तम शिक्षकांना सांगितलं, मागे पडलेल्या शाळेत दोन वर्षं जा, २०,००० डॉलर घ्या. सुमारे दीड हजारांना विचारलं, गेले ८१. म्हणजे एवढ्या रकमेलाही बहुतेकांनी नको म्हटलं. पण जे गेले, त्यांच्या प्राथमिक वर्गांतल्या मुलांचे गुण ठळकपणे वाढले, आणि पैसे चालू होते तोवर दहातले नऊ जण तिथेच राहिले.

डॅलस शहराने २०१५-१६पासून हा प्रयोग शाळाच्या शाळा घेऊन केला. सगळ्यात मागे पडलेल्या शाळा निवडल्या, मुलं बहुतेक लॅटिनो आणि कृष्णवर्णीय. जुने बरेच शिक्षक हलवले, मूल्यमापनात वर आलेल्यांना हजारो डॉलर जादा देऊन आणलं, मुख्याध्यापकही नवे. दोन-तीन वर्षांत या शाळांचे गुण जिल्ह्याच्या सरासरीजवळ आले. अमेरिकेत असं क्वचित होतं. मग जिल्ह्याने म्हटलं, शाळा सुधारल्या, आता भत्त्याची गरज नाही. भत्ता काढला, चांगले शिक्षक पांगले, गुण खाली घसरले.

तो भत्ता म्हणजे शाळा बरी करायचं औषध, असं जिल्ह्याने धरलं होतं. तो तिथे शिकवण्याचा चालू भाव होता. खाणकामगाराला खाणीत उतरण्याचा भत्ता पहिल्या वर्षापुरता मिळत नाही. पण दर वर्षी द्यायचा तर तेवढा पैसा सगळ्यांच्या पगारवाढीतून वजा होतो आणि सगळ्यांचे पगार आधीच रोडावलेले आहेत. तेवढ्याच शिकलेल्या इतर नोकरदारांपेक्षा अमेरिकन शिक्षकाला आठवड्याची मिळकत २०२२ साली २६ टक्क्यांच्या आसपास कमी होती, असं एका अर्थविषयक संस्थेचं गणित आहे. १९९६ साली ती तूट सहा टक्के होती. २०१८ साली वेस्ट व्हर्जिनियाचे शिक्षक राज्यभर शाळा बंद ठेवून रस्त्यावर आले आणि पाच टक्के वाढ घेऊन परतले. तेव्हा ते सगळ्यांसाठी मागत होते, कोणा एका शाळेसाठी नाही. संघटनेचं बळ सारखेपणात आहे, आणि अवघड शाळेला हवी असते असमानता, तीही तिच्या बाजूची.

जे शिक्षक होते, ते गेले कुठे?

अल्पसंख्य मुलांच्या शाळांत राहायला मुळात तयार असलेले शिक्षक एके काळी हजारोंनी होते. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने वंशावर आधारलेल्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या. मुलं एकत्र आली ती बहुतेक गोऱ्यांच्या शाळांत. कृष्णवर्णीयांच्या शाळा बंद झाल्या आणि गोऱ्या पालकांच्या मुलांना कृष्णवर्णीय शिक्षक नको होते. पुढच्या अकरा वर्षांत दक्षिणेतल्या आणि तिच्या सीमेवरच्या १७ राज्यांत सुमारे ३८,००० कृष्णवर्णीय शिक्षक आणि मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. त्यांतले अनेक जण उत्तरेतल्या विद्यापीठांतून पदव्युत्तर शिक्षण घेतलेले होते, कारण दक्षिणेतली गोरी विद्यापीठं त्यांना घेत नसत. २०२०-२१ साली सरकारी शाळांत कृष्णवर्णीय मुलं १५ टक्के होती आणि शिक्षक ६ टक्के. लॅटिनो मुलं २८ टक्के, शिक्षक ९.

याचा परिणाम मोजला गेला आहे. टेनेसीमध्ये १९८०च्या दशकात लहान वर्गांचा एक मोठा प्रयोग झाला, त्यात मुलांना आणि शिक्षकांना वर्ग चिठ्ठ्या टाकून दिले होते. म्हणून कोणत्या मुलाला कोण शिक्षक मिळाला हे निव्वळ नशिबावर होतं. सेथ गर्शन्सन आणि सहकाऱ्यांनी त्या मुलांचा मोठेपणापर्यंत माग काढला. तिसरीपर्यंत एक तरी कृष्णवर्णीय शिक्षक मिळालेली कृष्णवर्णीय मुलं कॉलेजात जाण्याचं प्रमाण इतर कृष्णवर्णीय मुलांपेक्षा १३ टक्के जास्त निघालं. अशा शिक्षकांना आज टिकवायचं तर ते ज्या शाळांत आहेत तिथला पगार आणि तिथलं काम दोन्ही सोसण्यासारखं असायला हवं, आणि ‘शेवटी आलेला आधी बाहेर’ या नियमाचा फटका नव्यांना बसतो, म्हणजे नव्याने भरलेल्या अल्पसंख्य शिक्षकांनाही बसतो.

तक्ता न मोडताही अवघड जागेचा भाव देता येतो का, हे हवाईत दिसतं. तिथे सगळ्या बेटांचा मिळून एकच शालेय जिल्हा आहे आणि एकच तक्ता. मालमत्ता कराचा एजवूडसारखा प्रश्न तिथे उद्भवत नाही. तरीही दूरच्या, मूळ हवाईयन लोकवस्तीच्या शाळांत शिक्षक टिकत नसत. २०२०च्या जानेवारीपासून राज्याने तक्त्याला हात न लावता त्यावर भत्ते चढवले: विशेष शिक्षणासाठी वर्षाला १०,००० डॉलर, दुर्गम शाळांसाठी अंतर आणि अडचणीनुसार ३,००० ते ८,०००, आणि संपूर्ण शिक्षण हवाईयन भाषेतून देणाऱ्या वर्गांतल्या शिक्षकांना ८,०००. कोविडमध्ये तिजोरी आटली तेव्हा प्रशासनाने हे भत्ते थांबवण्याचा प्रस्ताव आणला. शिक्षक आणि पालक शिक्षण मंडळासमोर गेले, आणि भत्ते चालू राहिले.